दोन टक्के पिवळा

टिपणीस बाई माझ्याशी पहिलं वाक्य बोलल्या ते असं: "अहो, तुमचा ड्रेस माझ्या स्क्रीनवर पडतोय."

मी अकोल्याहून नुकतीच पुण्याला आले होते. सदाशिव पेठेतल्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. पुस्तकांची मुखपृष्ठं, दिवाळी अंक, कॅलेंडरं, दुकानांची माहितीपत्रकं हे सगळं कॉम्प्युटरवर तयार करायचं, त्याच्या फिल्म काढायच्या आणि छापखान्यात पाठवायच्या, असा तो धंदा. नोकरीचा पहिला दिवस म्हणून मी आईने शिवलेला पोपटी पंजाबी ड्रेस घातला होता आणि तो मला चांगला दिसतो अशी माझी समजूत होती. तो कुणाच्या स्क्रीनवर पडू शकतो हे आमच्या अकोल्यात कुणाच्या डोक्यात आलं नसतं. मी वाकून ओढणी कुठे अडकलीय का ते बघायला लागले. "ओढणी नाही हो, रंग," बाई म्हणाल्या. "माझ्या समोर बसू नका. तिकडे, भिंतीकडे तोंड करून बसा." मी भिंतीकडे तोंड करून बसले आणि त्या ऑफिसात पुढची बरीच वर्षं तिथेच बसले.

बाई स्वतःची ओळख फक्त आडनावाने देत आणि दुसऱ्यालाही आडनावानेच हाक मारत. मी त्यांच्याहून वीस-पंचवीस वर्षांनी लहान, तरी मी 'अहो देशमुख'. कोपऱ्यातली खोलीवजा जागा त्यांची. तिथल्या भिंती त्यांनी मालकांशी भांडून करड्या रंगवून घेतल्या होत्या. खिडकीला जाड पडदा, डोक्यावर मुंबईहून मागवलेली एक खास ट्यूब, टेबलावर एकही रंगीत वस्तू नाही. पाण्याची बाटली स्टीलची, पेन काळं. आणि अंगावर बारा महिने करडी साडी, कारण बसणाऱ्याच्या कपड्याचा रंग काचेवर उतरतो आणि डोळा फसतो. फाइल घेऊन बाईंकडे जायचं असलं की ऑफिसातली पोरं "ढगात चाललोय" म्हणायची. बाईंच्या कानावर ते गेलं असणार, पण त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही.

त्यांचं काम समजावून सांगणं अवघड आहे. स्क्रीनवरचा रंग उजेडाचा असतो आणि कागदावरचा शाईचा, त्या दोघांचं आपसात जमत नाही. म्हणून सॉफ्टवेअरला आधी सांगून ठेवावं लागतं, की बाबा रे, हे चित्र अमुक मशीनवर, अमुक कागदावर छापायचंय, त्या बेताने दाखव. या माहितीला प्रोफाइल म्हणतात. बाहेरून आलेलं चित्र उघडलं की एक चौकट पुढ्यात येते: याचं प्रोफाइल आणि तुमचं प्रोफाइल जुळत नाही, काय करू? आहे ते ठेवू, बदलून घेऊ, की काढून टाकू? आम्ही सगळे न वाचता ओके दाबायचो. बाई मात्र दर वेळी ती चौकट पहिल्या शब्दापासून वाचायच्या. एकदा माझ्या मागे उभ्या राहून त्यांनी मला पकडलं.

"काय विचारत होता तो?"

"काही नाही, नेहमीचंच."

"नेहमीचंच म्हणजे काय? न वाचता हो म्हणायला तुमचं लग्न ठरतंय का?"

लग्नाचा विषय त्या अशा सहज काढत. त्यांचं झालेलं नव्हतं, आणि करड्या साडीमुळे लोकांचा भलताच समज व्हायचा. आमचे मालक श्रीकांतराव. त्यांच्या घरची मंडळी दर संक्रांतीला ऑफिसातल्या बायकांचं हळदीकुंकू करत. एका वर्षी नव्या सुनेच्या हातात ताट होतं. ती एकेकीला कुंकू लावत बाईंपाशी आली आणि थबकली. तिने साडी पाहिली, रिकामा गळा पाहिला, आणि ताट घेऊन हळूच पुढे सरकायच्या बेतात होती. बाई म्हणाल्या, "अहो सूनबाई, नवरा गेलेला नाही. आलाच नव्हता. लावा. आणि वाणाची ती लाल डबी मात्र नको, टेबलावर ठेवता येत नाही."

सगळ्या खो खो हसल्या. बाई कुंकू लावून घेऊन आत गेल्या आणि कामाला बसण्याआधी त्यांनी बंद स्क्रीनच्या काचेत बघून रुमालाने ते पुसून टाकलं. मी फाइल घेऊन दारात उभी होते. तेव्हा मला त्याचंही हसू आलं होतं, आता येत नाही.

खरं बोलायला त्या कुणाला भीत नव्हत्या. बाणेरकडचे एक गृहस्थ आले होते. जमिनीला भाव आलेला, त्यामुळे शेतकऱ्याचे बिल्डर झालेले. पहिल्याच इमारतीला वडलांचं नाव दिलेलं आणि माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर वडलांचा फोटो. शेतात उभे, डोक्याला मुंडासं.

"बाई, जरा गोरं करा की त्यास्नी," ते म्हणाले. "आयटीतली लोकं बघनार हायेत."

"तुम्ही त्यांना गोरं कधी पाहिलं होतं?"

"न्हाई. काळंच हायेत. व्हते."

"मग गोरे केले तर घरी हा फोटो कुणाचा म्हणून दाखवणार?"

गृहस्थ खुर्चीवर बसले. स्क्रीनवरच्या वडलांकडे बघत म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. हाय तसं ऱ्हाऊ द्या." त्यांचे डोळे भरून आले होते. बाईंनी त्यांच्याकडे न बघता माऊस हातात घेतला. "मुंडासं फार पांढरं आलंय," त्या म्हणाल्या. "शेतात एवढं पांढरं राहत नाही. ते जरा मळवते." तो माणूस पुढे प्रत्येक इमारतीच्या वेळी आला आणि दर वेळी बाईंच्याच खोलीत जाऊन बसला.

माझं मन त्यांच्याकडे का ओढ घेई, ते मला नीट सांगता येतं. पुणं तेव्हा मला फार परकं वाटायचं. नारायण पेठेत माझी खोली, आणि घरमालकीणबाई माझ्याशी बोलत त्या नळाच्या वेळांपुरत्या. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. त्या संध्याकाळी बिस्किटं खाऊन भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा मी ऑफिसला जायला लागले, आणि पाहते तर बाई तिथे आधीच बसलेल्या. त्यांनी मला 'का आलात' असं विचारलं नाही. मीच एकदा त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "घरी बघायला काय आहे?" आम्ही दोघी आपापल्या जागी काम करायचो. माझी पानं लावून झाली की त्या मागे येऊन उभ्या राहत आणि काय चुकलंय ते सांगत. सगळ्या शहरात माझं काही चुकतंय की नाही याची फिकीर असणारं ते एकच माणूस होतं. सात वाजता आम्ही जिना उतरायचो, टिळक रोडपर्यंत सोबत चालायचो आणि तिथून त्या पर्वतीच्या दिशेने जायच्या. घरी या, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत.

त्यांचं नियमित बोलणं म्हणाल तर आणखी एकाच माणसाशी, आणि तेही भांडण. आमचं सगळं काम शुक्रवार पेठेतल्या एका जुन्या छापखान्यात छापलं जाई. तिथे मशीनवर शेवाळे. धायरीकडचे, पन्नाशीचे, कानाला कायम पेन्सिल. छापलेला पहिला कागद ऑफिसात आला की बाई तो खिडकीपाशी नेऊन बघत आणि लगेच फोन फिरवत.

"शेवाळे, तुमचं मशीन पिवळं मारतंय."

पलीकडून शेवाळ्यांचा आवाज आम्हालाही ऐकू येई. "व्हय बाई. जुनं मशीन हाय."

मग बाई सुस्कारा टाकून पुढच्या कामात पिवळा दोन टक्के कमी करायच्या, 'शेवाळ्यांच्या मशीनसाठी' म्हणून. दर कामाला हा संवाद होई आणि त्यात दोघांपैकी कुणाचाही आवाज कधी चढला नाही. मला वाटायचं, ही या दोघांची विचारपूस करायची रीत असेल.

अशातच एका सोमवारी बाई नवी साडी नेसून आल्या आणि सगळं ऑफिस चाट पडलं. साडी जांभळट होती. लव्हेंडर म्हणतात तसली, फिकी, पण चक्क रंगाची. "ढगात इंद्रधनुष्य आलं रे," कुणीतरी कुजबुजलं. दुपारपर्यंत बाईंच्या आयुष्यात कोणीतरी आलंय इथपर्यंत मजल गेली. मी धीर करून म्हणाले, "साडी छान आहे हो बाई. एकदम वेगळी." त्या म्हणाल्या, "वेगळी कसली? नेहमीसारखीच आहे." आता पुण्यात सरळ प्रश्नाला सरळ उत्तर मिळत नाही, हे मला एव्हाना माहीत झालं होतं. हे तसलंच उत्तर असेल, असं समजून मी जागेवर परतले. मनातून मला फार बरं वाटलं होतं. म्हटलं, सुटली बाई एकदाची त्या करड्यातून.

तोवर शहर बदललं होतं. आमच्याकडे सॉफ्टवेअर कंपन्यांची गुळगुळीत माहितीपत्रकं यायला लागली होती आणि श्रीकांतरावांना शेवाळ्यांचं मशीन जुनाट वाटायला लागलं. त्यांनी शहराबाहेरच्या एका नव्या मोठ्या प्रेसशी बोलणं केलं. तिथलं मशीन परदेशी. शाई किती सोडायची ते फिल्मवरून आणि आकड्यांवरून ठरायचं, माणसाने हात लावायचा नाही. पहिलंच काम गेलं ते लक्ष्मी रोडवरच्या एका सराफाचं कॅलेंडर. दर महिन्याला एक नटलेली नवरी, गळाभर दागिने.

कॅलेंडर छापून आलं आणि सराफ स्वतः जिना चढून वर आले. त्यांनी ते टेबलावर ठेवलं. "श्रीकांतराव, आमच्याकडे चांदीचा काउंटर वेगळा आहे," ते म्हणाले. "आणि या मुली कुठल्या दवाखान्यातून आणल्यात?"

खरंच तसं दिसत होतं. सोन्यातलं सोनं गेलेलं, नवरीमुलींचे चेहरे निळसर, थंडीत कुडकुडल्यासारखे. बाईंनी कॅलेंडर हातात घेतलं, खिडकीपाशी नेलं आणि म्हणाल्या, "मला यात काही चूक दिसत नाही." आम्ही सगळे खाली मान घालून उभे राहिलो. चूक मान्य न करणं बाईंच्या स्वभावात नव्हतं, त्यामुळे आम्हाला उगाच त्यांच्यासाठीच लाजल्यासारखं झालं.

मग शोध सुरू झाला. बाईंनी पहिल्यांदा सॉफ्टवेअरची सगळी रंगांची सेटिंग्ज उघडली. प्रोफाइल जुन्याच मशीनचं राहिलं असेल, असं त्यांना वाटलं, ते तसं नव्हतं. नव्या प्रेसकडून कागदाची माहिती मागवली, ती बरोबर भरलेली होती. ट्यूब बदलली. स्कॅनर तपासला. फिल्म काढायचं यंत्र साफ करून घेतलं. शेवटी श्रीकांतरावांनी ओळखीतल्या एका आयटीवाल्याला बोलावलं. त्याने रंग मोजायचं एक छोटं यंत्र, डॉक्टरने छातीला नळी लावावी तसं, मॉनिटरच्या काचेला चिकटवलं, दहा मिनिटं रंग उमटत राहिले आणि तो म्हणाला, "मॅडम, मॉनिटर एकदम परफेक्ट आहे. सेटिंग्जपण. आय मीन, इतकं नीट सेटअप मी कुठेच पाहिलं नाहीये."

"मग निळं येतंय कुठून?" श्रीकांतराव ओरडले.

सगळं बरोबर होतं आणि चित्र चुकत होतं. सराफ छपाईचे पैसे द्यायला तयार नव्हते, ते एक झालंच, पण श्रीकांतराव आता बाईंच्या फाइली बाईंना न सांगता दुसऱ्याला दाखवायला लागले होते. बाईंनी ते पाहिलं. त्या दिवशी त्यांनी डबा उघडलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मला म्हणाल्या, "देशमुख, माझ्याबरोबर शुक्रवारात चला. याच फिल्मवरून प्लेट करून शेवाळ्यांच्या मशीनवर चढवून बघू."

छापखान्यात शाईचा आणि रॉकेलचा वास भरलेला होता. शेवाळ्यांनी काही न विचारता प्लेट चढवली. मशीन खडखडलं, ते वाकून शाई कमी-जास्त करायच्या चाव्यांशी काहीतरी करत होते, मग त्यांनी एक कागद ओढून बाईंच्या हातात दिला. नवरी हसत होती. गळ्यात सोनं होतं, सोन्यासारखं. मी जवळजवळ टाळीच वाजवली.

बाईंनी कागद दारात, उन्हात नेला. "पिवळं," त्या म्हणाल्या. "नेहमीसारखं पिवळं मारलंय तुमच्या मशीनने."

"बाई, हे बरोबर आहे," मी म्हणाले.

त्या माझ्याकडे बघायला लागल्या. शेवाळ्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "बाई, रागावू नका," ते म्हणाले. "मशीन पिवळं न्हाई मारत. पिवळा मी सोडतो."

"का?"

"तुमच्या फिल्ममधी कमी असतो म्हनून."

"कधीपासून?"

"दोन दिवाळ्या झाल्या असतील. तीन बी असतील."

"मी दर वेळी फोन करून सांगत होते ना तुम्हाला? आणि तुम्ही व्हय बाई, व्हय बाई म्हणत होतात. मग मला का नाही सांगितलंत?"

शेवाळे फडक्याला हात पुसायला लागले. "तुमाला कोन सांगनार, बाई?"

मशीन चालूच होतं. बाई म्हणाल्या, "तुमच्या हाताचं काढा. फिल्ममध्ये आहे तेवढंच छापा." शेवाळ्यांनी चावी फिरवली आणि थोड्या वेळाने दुसरा कागद काढून दिला. तीच निळी, आजारी नवरी. बाईंनी तो कागद पहिल्याशेजारी धरला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि मला कळत होतं, की त्यांना ही दुसरी नवरीच बरोबर दिसतेय. त्या आता कागदाकडे बघतच नव्हत्या. त्या आळीपाळीने माझ्या आणि शेवाळ्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

मग त्यांनी पदर हातात घेऊन माझ्यापुढे धरला. "देशमुख, ही साडी कोणत्या रंगाची आहे?"

मला खोटं बोलावंसं वाटलं. "जांभळट आहे बाई. लव्हेंडर."

"बरं," त्या म्हणाल्या. परतताना त्या चौकात थांबल्या आणि माझा दंड धरून रस्ता ओलांडला, त्याआधी कधी धरला नव्हता.

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. आतलं भिंग पिवळं पडत गेलेलं, इतकं सावकाश की आपल्याला पत्ता लागत नाही. पांढरं पिवळट दिसायचं, म्हणून बाई त्यातला पिवळा काढत होत्या. शेवाळे तो परत घालत होते. घातलेला बाईंना जास्त वाटायचा, म्हणून त्या पुढच्या वेळी आणखी काढत होत्या. असं दोघांनी मिळून दोन-तीन वर्षं सगळं बरोबर छापलं होतं. ऑपरेशनच्या दिवशी काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "सोबत कोण आहे?" बाई म्हणाल्या, "या आहेत. ऑफिसातल्या." मुलीने केसपेपरवर नाव लिहिलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की बाईंचं नाव कुमुद आहे.

शेवाळे मोसंबी घेऊन भेटायला आले होते. पिशवी खाली ठेवून अवघडून उभे राहिले. बाई एका डोळ्याला पट्टी बांधून पडल्या होत्या. "बसा शेवाळे," त्या म्हणाल्या. "तुमच्या मशीनची मी माफी मागते." शेवाळ्यांनी दोन्ही कानांना हात लावले आणि पटकन निघून गेले. जिन्यात ते डोळे पुसत होते.

बाईंना घरी सोडायला गेले तेव्हा ते घर मी पहिल्यांदा पाहिलं. पर्वतीच्या पायथ्याशी दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, सगळं जागच्या जागी, एका माणसाला लागेल तेवढंच. पट्टी निघाल्यावर मी पुन्हा गेले तर बाई स्वयंपाकघरात भिंतीसमोर उभ्या होत्या. हाताने एकदा हा डोळा झाकायच्या, एकदा तो.

"ही भिंत निळी आहे हो," त्या म्हणाल्या. "मी पांढरी म्हणून लावून घेतली होती. रंगारी दोनदा म्हणाला, बाई, हाच का नक्की? मी त्याला म्हटलं, मला रंग शिकवू नका." त्यांनी हात खाली घेतला. "घरात दुसरं कुणी असतं तर पहिल्याच दिवशी म्हणालं असतं, कुमुद, हे काय निळं करून ठेवलंयस?"

मी चहा टाकला. मला इतकं वाईट वाटत होतं, की साखर घातली की नाही तेही आठवेना, आणि बाईंनी तो चहा तसाच पिऊन टाकला.

दुसराही डोळा झाला. डॉक्टर म्हणाले, आता विशीतल्या मुलीला दिसेल तितके स्वच्छ रंग तुम्हाला दिसतील. श्रीकांतराव स्वतः पेढे घेऊन घरी गेले आणि परत कामावर या म्हणाले. बाईंनी पेढा घेतला आणि नाही म्हणाल्या. "दिसतं हो मला," त्या म्हणाल्या. "तेव्हाही दिसतच होतं." बाईंच्या जागी मी बसायला लागले. काचेला चिकटवायचं ते यंत्र आम्ही विकत घेतलं, सगळं आकड्यांवर चालायला लागलं, आणि करड्या भिंतींवर कुणीतरी क्रिकेटवाल्यांचं मोठं रंगीत पोस्टर लावलं. मी ते काढलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा लागलं, मग मीही नाद सोडला.

पुढच्या दिवाळीत एका अंकाचं मुखपृष्ठ मी एकटीने केलं. तमाशात उभं आयुष्य काढलेल्या एका म्हाताऱ्या बाईचा चेहरा. आकडे सगळे जिथल्या तिथे होते. श्रीकांतराव खूश, संपादक खूश. माझ्या मनात मात्र पहिल्या कागदापासून खुपत होतं, की त्या गालांवर लाल जास्त झालाय, उन्हाने रापलेला चेहरा रंगवल्यासारखा दिसतोय. मी ऑफिसात चौघांना विचारलं. चौघेही म्हणाले, मस्त झालंय. मला ते ऐकायचं नव्हतं. मला कुणीतरी कान धरणारं हवं होतं. म्हणून अंक घेऊन मी पर्वतीला गेले.

बाई बऱ्या दिसत होत्या. अंगावर साधी हिरवी साडी होती. त्यांनी चकली दिली, अकोल्याची चौकशी केली. मग मी अंक पुढे केला. त्यांनी तो खिडकीपाशी नेला. उन्हात तिरका धरला, सरळ धरला. त्यांची नजर गालांवर थांबली, तिथून हलली, पुन्हा तिथेच आली. त्यांना दिसलं होतं. मला शंभर टक्के माहीत आहे, की त्यांना दिसलं होतं.

"छान झालंय," त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, "बाई, गालांवर लाल जास्त झालाय ना?"

त्यांनी अंक मिटला आणि दोन्ही हातांनी माझ्याकडे परत दिला. "तुम्हाला तसं दिसतंय का?" त्यांनी विचारलं. "मग असेल हो."

बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. टोमणा असता तर मी तो आनंदाने घरी घेऊन गेले असते. मी थोडा वेळ बसले, दुसरं काहीबाही बोलले आणि निघाले. जिना उतरताना मला रडू येत होतं. बाईंसाठी येत होतं आणि माझ्यासाठीही, कारण आता माझं चुकलं तर मला सांगणारं या शहरात कुणी उरलं नव्हतं.

खाली येऊन मी वर पाहिलं. बाई गॅलरीत येऊन उभ्या होत्या. मी हात केला. चांगलं लख्ख ऊन होतं, मध्ये झाड नाही, काही नाही, मी त्यांना स्वच्छ दिसत असणार. त्यांनी हात वर केला नाही. त्या शेजारच्या गॅलरीकडे वळल्या, तिथे कपडे वाळत घालणाऱ्या बाईंना माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. त्या बाईंनी खाली वाकून मला पाहिलं आणि मान हलवली. मग टिपणीस बाईंनी मला हात केला.